इरा: राग, शांतता की पाणी?

वऱ्हाडी मामा: यवतमाळकडच्या आमच्या गावात रविवारी भाचीचं बारसं आहे. कृत्तिकेचा दुसरा चरण, अक्षर 'ई'. आत्यानं 'इरा' काढलं. घरातल्या कॉलेजवाल्या पोरानं मोबाईलमधी पाहून सांगितलं, लॅटिनमधे इरा म्हणजे राग. झालं! अर्धं घर फिरलं. माझं मत, हेच ठेवावं. संस्कृत कोशात इरा म्हणजे पाणी, पेय, अन्न. वाणी आणि पृथ्वी हेही अर्थ आहेत. कोरडवाहू कपाशीच्या मुलखात पोरीचं नाव पाणी, आणखी काय पाहिजे?

बांधावरचा: माझा विरोध. लॅटिन कोणी बोलत नसेल, पण इटालियन आणि स्पॅनिशमधे इरा आजही रागच. पोट्टी उद्या शिकायला बाहेर गेली तं? अन् या आखूड नावांची साथच आली आहे. अंगणवाडीत एक हाक मारली की चार जणी वळतात.

पोथीवाली ताई: बाहेरच जायचं तर रशियातही जाऊ द्या की! तिथं इरा हे इरिनाचं लाडाचं रूप, आणि इरिना आलं ग्रीकांच्या 'शांतता' या शब्दावरून. हिब्रूत इरा पुरुषाचं नाव, अर्थ जागरूक; बायबलात दावीदाच्या योद्ध्यांमध्ये दोन इरा आहेत. अमेरिकेत त्याचा उच्चार आयरा, जसा गीतकार आयरा गर्शविन. नावांच्या वेबसाईटवाले या सगळ्यांची खिचडी करून 'सरस्वती, पहारेकरी, शांतता' असं एका ओळीत छापतात, तिथंच घोळ होतो. कानाला सारखे लागणारे हे वेगवेगळे शब्द, एकमेकांचे कोणी लागत नाहीत. लॅटिनचा राग संस्कृत इरेच्या माथी कशाला?

आपली इरा 'इरावती'त आहे. पंजाबातल्या रावीचं ते जुनं नाव. ब्रह्मदेशातल्या नदीचंही तेच, आणि तिच्यावरूनच इरावती कर्वे यांचं नाव पडलं. जन्म १९०५, ब्रह्मदेशातच. वडील तिथल्या कापूस कंपनीत होते, म्हणजे कापूसवाल्यांनो, नातं निघालंच!

बांधावरचा: मग इरावतीच ठेवा ना, भारदस्त आहे. अन् ताई, 'कोणी लागत नाहीत' हे तुम्हाला माहीत. ऐकणारा खिशात कोश घेऊन फिरत नाही, त्याच्या कानात जो अर्थ तोच खरा.

वऱ्हाडी मामा: कानाचं म्हणता तं आमच्या आजीचं ऐका. 'पोट्टीचं नाव इहीर काहून ठेवता रे बाप्पा?' विस्तवाला इस्तो म्हणणारी बुढी, विहिरीला इहीरच म्हणणार. पण पाणी तिच्याही कानात आलंच की!

रिटायर मास्तर: अर्थाचा एवढा धाक कधीपासून? लेकरं जगत नसली की आपल्याकडं मुद्दाम उकंडा, दगडू ठेवत. दृष्ट लागू नये म्हणून. उकंडरावाला पंगतीत कोणी मागं बसवलं नाही. शेंडगावचे डेबूजी हातातल्या गाडग्यावरून गाडगेबाबा झाले. यावलीच्या माणिकला आडकोजी महाराजांनी तुकड्या केलं, आणि रत्नाचं नाव मागं पडून तुकडोजीच राहिलं. बांधावरच्यांच्या हिशेबानं तर हे बदलूनच घ्यायला हवं होतं.

बांधावरचा: मास्तर, ती माणसं मोठी होती, त्यांनी नाव कमावलं. बारा दिवसांच्या पोरीकडून तीच अपेक्षा कशाला? चांगला पर्याय असताना भांडणाचं नाव का घ्या? माझं मत बदललं नाही.

पोथीवाली ताई: भांडण नावाचं नाही, मोबाईलचं आहे. तो पाहिला नसता तर आतापर्यंत पाळणा सजला असता.

पंचायतवाला: घाई कशाला? जन्माची नोंद २१ दिवसांत करा, ती नावाशिवायही होते. नाव १२ महिन्यांपर्यंत फुकट टाकता येते. एकदा लागलं की बदलायला मात्र लय चकरा, हे ध्यानात ठेवा.

वऱ्हाडी मामा: आत्यानं आताच फोन केला. इराच, अन् कोणी मधे पडायचं नाही म्हणते. बांधावरचे भाऊ, घुगऱ्या खायला या. वाद तिथंच पुढं चालवू.