गच्चीवर हॉट टब? आधी वजन बघा

दादा, आईच्या गुडघ्यांसाठी गच्चीवर चौघांचा टब बसवायचा म्हणता, पण गच्ची नकोच. १२०० लिटर पाणी म्हणजेच १२०० किलो, वर टब अन् माणसं. अंगणातच बसवा. फक्त आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, टब तिरपा होतो. ती काढून मुरूम भरा, पाणी मारून नीट धुम्मस करा, वर सळईचं काँक्रीट.

पाण्याचं मात्र मनावर घ्या. आम्ही दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट. बोअरच्या पाण्यावरच्या गिझरची कॉईल काढली तर तिच्यावर पांढरा थर, पोपड्यासारखा सोलून निघाला. सॉफ्टनर पाण्याचा जडपणा घालवतो, खारटपणा नाही. नळाचं पाणी साठवून भरा.

हिवाळ्यात २० अंशांचं पाणी ३८ वर न्यायला साधारण २५ युनिट लागतात. ३ किलोवॉटच्या हीटरला आठ-साडेआठ तास, तेही लाईन गेली नाही तर. म्हणून जाड झाकण घ्याच. अर्थिंग अन् ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आईला पाण्यात उतरवूच नका. ४० अंशांच्या वर पाणी नको, अन् त्यांना बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.