‘यादृच्छिक’ की ‘स्वैर’? आणि सीडला काय म्हणायचं?

प्रश्न: समांतर संगणनावर (एकच काम अनेक ठिकाणी वाटून एकाच वेळी करणं) मराठीत टिपण लिहितोय. रँडम नंबरला ‘यादृच्छिक संख्या’ लिहिलं, तर मित्र म्हणतो जीभ अडखळते, ‘स्वैर’ लिही. सीडसाठीही, म्हणजे ज्या संख्येपासून ही माळ सुरू होते तिच्यासाठीही, शब्द हवाय.

उत्तर: ‘यदृच्छा’पासून यादृच्छिक. गीतेत (४.२२) ‘यदृच्छालाभसंतुष्टो’ आहे ना, आपसूक मिळेल त्यात समाधानी, तोच हा शब्द. ‘इच्छे’शी त्याचं नातं नाही. ‘स्वैर’मध्ये कुणाची तरी मर्जी येते, फाशाला कसली मर्जी?

दुसरं उत्तर: अमरकोशात मात्र ‘यदृच्छा स्वैरिता’ असंच दिलंय!

उत्तर: संस्कृतात असेल. मराठीत ‘स्वैर वागणं’ म्हटलं की भुवया उंचावतात. यादृच्छिकच ठेवा, पण आधी ‘छद्म’ (नुसता आव आणणारा) लावा, कारण संगणक या संख्या चक्क हिशोब करून काढतो. शून्यापासून सुरू करा: पाचाने गुणा, तीन मिळवा, सोळाने भागून बाकी घ्या.

०, ३, २, १३, ४, ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९

पहिला शून्य म्हणजे सीड. त्याला ‘बीज’ म्हणा, शब्द आयताच आहे. माझ्या प्रोग्रामात प्रोसेसरच्या सोळाही कोअरना (त्यातल्या स्वतंत्र हिशोब करणाऱ्या भागांना) घड्याळातल्या सेकंदावरून बीज दिलं होतं. सगळे एकाच सेकंदाला सुरू झाले, सोळा शेतांत तेच पीक! रात्रभर चाललेलं काम एका कोअरइतकंच.

मग एकच माळ सगळ्या कोअरांत वाटावी म्हणाल, तर वरचीच माळ दोघांत पत्त्यांसारखी वाटून पाहा, एक तुला, एक मला. पहिल्याच्या हाती काय येतं? ०, २, ४, ६, ८, १०, १२, १४. यदृच्छा गेली कुठे? इंग्रजीत या वाटणीला बेडूकउडीच्या खेळाचं नाव आहे. मी ‘एकाआड एक वाटणी’ म्हणतो. दुसरी रीत सलग गठ्ठे पाडून देण्याची. तिथे माळ लांब हवी, नाहीतर एकाचा गठ्ठा दुसऱ्याच्या हद्दीत शिरतो. मर्सेन ट्विस्टर या संख्या काढण्याच्या रीतीची माळ २ चा १९९३७ वा घात वजा १ इतकी लांब आहे, पण दर धाग्याला (थ्रेडला, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक कामाला) ३२ बिटांच्या ६२४ संख्या सांभाळाव्या लागतात. जीपीयूवर (ग्राफिक्स प्रोसेसरवर) हजारो धागे असताना ते जडच.

प्रश्नकर्ता: फिलॉक्स या रीतीचं काय?

उत्तर: २०११ मधली ती रीत मला आवडते. मागची संख्या लागतच नाही. क्रमांक द्या, ती तो घुसळून संख्या देते. दर धाग्याला किल्ली, म्हणजे घुसळण बदलणारी संख्या, वेगळी. ‘काउंटर-बेस्ड’ला ‘क्रमांकाधारित’ चालेल?

प्रश्नकर्ता: चालेल. ‘घुसळणं’ पण उचलतो. मित्राला ‘स्वैर’ परत केलाय.