कॅरोटिडचे सात भाग रद्दीत टाकायचे?

नाकपुडी: कॅरोटिड म्हणजे मानेतून मेंदूला रक्त नेणारी धमनी; तिचे बुथिलियेंनी १९९६ मध्ये पाडलेले सात भाग, सी१ ते सी७, मुलांकडून घोकून घेणं बंद करा. नाकातून दुर्बीण घातली की आकडे दिसत नाहीत, हाडावरच्या खुणा दिसतात. व्हिडियन नर्व्ह (नाकामागच्या हाडातून जाणारी नस) धरून मागे जा, पेट्रस म्हणजे कानाजवळच्या हाडातल्या कॅरोटिडचं वळण सापडतं. न्यूरोसर्जनांनी हट्ट सोडावा.

कवटीतळ: हट्ट?! १९३८ मध्ये फिशरने पाच भाग वरून खाली मोजले, कारण अँजिओग्रामवर (रक्तवाहिन्यांच्या एक्स-रेवर) गाठीमुळे धमनी कुठे सरकली ते बघायचं होतं. बुथिलियेंनी रक्ताच्या दिशेने, मानेपासून वर मोजले. ज्याचं काम जसं, तशी मोजणी. अन्युरिझम (धमनीचा फुगा) डिस्टल ड्युरल रिंगच्या, म्हणजे धमनीभोवतीच्या मेंदूच्या आवरणाच्या कड्याच्या वर असेल तर फुटल्यावर सबअरॅक्नॉइड, म्हणजे मेंदूभोवतीच्या जागेत रक्तस्राव, खाली असेल तर सहसा नाही. सी५ आणि सी६ यांच्यामधली ती रिंग आहे. उगाच पाठ करून घेत नाही आम्ही.

हॉस्टेलची_कवटी: भागांवरून आठवलं, सी३ म्हणजे लॅसेरम भाग. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) मी म्हटलं, धमनी फोरामेन लॅसेरममधून, कवटीच्या तळाच्या भोकातून, आरपार जात नाही, वरून जाते. खालचं तोंड कूर्चेनं बुजलेलं असतं. परीक्षक म्हणाले, "कुठलं पुस्तक वाचता?" पुन्हा परीक्षेची फी भरली.

नाकपुडी: कोरड्या कवटीवर शिकवलं की हेच होणार. भोक रिकामं दिसतं, घाला धमनी!

कवटीतळ: मग देह आणा की. येतात ते फॉर्मालिनमध्ये लाकूड झालेले.

हॉस्टेलची_कवटी: आमच्याकडे एका टेबलाभोवती अख्खी बॅच. मागच्या रांगेला सरांची पाठ तेवढी दिसायची. आणि आता म्हणे थ्रीडी अ‍ॅपवर शिका!

नाकपुडी: अ‍ॅपला नावं ठेवू नका, त्या पाठीपेक्षा बरं.

भूलवाला: भांडा खुशाल, पण स्फिनॉइडमधला (नाकामागच्या हाडाच्या पोकळीतला) पडदा पिरगळून तोडू नका. तो मधोमध असेलच असं नाही, कधी थेट कॅरोटिडवरच्या हाडाला चिकटलेला असतो. एका केसला ओढला आणि स्क्रीन लाल. वर दोन सक्शन, मांडीचा स्नायू ठेचून पॅकिंग. इकडे मी रक्ताच्या पिशव्या दाबतोय. तो भाग सी४ म्हणायचा की नव्या पद्धतीने पॅरासेलर, कुणी विचारलं नाही.

नाकपुडी: मान्य. म्हणूनच २०१४ चं एंडोस्कोपिक (दुर्बिणीतून दिसतं तसं) वर्गीकरण घ्या: पॅराफॅरिंजियल, पेट्रस, पॅराक्लायव्हल, पॅरासेलर, पॅराक्लिनॉइड, इंट्राड्युरल.

कवटीतळ: सहा! एक कमी केलात, उपकार झाले. बरं, शिकवतो दोन्ही. पण आधी सात.

नाकपुडी: आधी व्हिडियन.