मदत हवी आहे: जे-१ (एक्सचेंज व्हिजिटर) व्हिसाला कुठली कॅटेगरी घेऊ?

नमस्कार मंडळी, अमेरिकेत एका युनिव्हर्सिटीत व्हिजिटिंग स्कॉलर म्हणून जायचंय, काम सध्या पाचच महिन्यांचं, पण प्रोफेसर म्हणतायत पुढे वाढेल बहुतेक (त्यांचं 'बहुतेक' भारी असतं). डीएस-२०१९ (या व्हिसासाठी लागणारा फॉर्म) काढायला युनिव्हर्सिटीच्या ऑफिसने कॅटेगरी विचारलीय. शॉर्ट टर्म स्कॉलर घेतलं तर ६ महिन्यांवर एक दिवसही मिळत नाही, आणि रिसर्च स्कॉलर घेतलं तर ५ वर्षांपर्यंत राहता येतं खरं पण प्रोग्राम लवकर संपवून परत आलो की २४ महिने त्याच कॅटेगरीत पुन्हा जाता येत नाही, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर! कोणी यातून गेलंय का, काय निवडलंत? आणि बायको जे-२ वर (जे-१ वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) येणारे, इन्शुरन्स तिचाही कंपल्सरी आहे, तर तो युनिव्हर्सिटीचाच घ्यावा की बाहेरचा चालतो?