'कोसला' आणि 'स्मृतिचित्रे' : एका घरातली दोन मते

प्रश्न : केळीबाग, यावल तालुका

नमस्कार. आम्ही पतिपत्नी यावल तालुक्यात राहतो. घरी केळीची शेती आहे आणि मी माध्यमिक शाळेत शिकवते. गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही असा नेम केला आहे की, एकाने निवडलेले पुस्तक दुसऱ्यानेही पूर्ण वाचायचे आणि रात्रीची जेवणे आटोपली की ओट्यावर बसून त्याविषयी बोलायचे. या खेपेला यांनी 'कोसला' ही कादंबरी निवडली आणि मी लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे'. दोन्ही पुस्तके वाचून झाली. एकमत मात्र होत नाही, म्हणून येथे विचारते आहे.

भालचंद्र नेमाडे मूळचे आमच्याच तालुक्यातील सांगवीचे, आणि 1963 साली 'कोसला' प्रसिद्ध झाली तेव्हा ते जेमतेम पंचविशीत होते, ही गोष्ट यांनी मला लग्न झाल्यापासून अनेकदा ऐकवलेली आहे. यांच्या मते गावाकडून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाचे एकटेपण इतक्या खरेपणाने मराठीत दुसऱ्या कोणी लिहिलेले नाही. ते एकटेपण मलाही दिसते. पण वसतिगृहाच्या खानावळीचा कारभार कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर ज्या बेफिकिरीने करतो आणि वडिलांनी पाठवलेला पैसा ज्या सहजतेने संपवतो, ते वाचताना माझे लक्ष त्याच्या मनाकडे न जाता सारखे त्या उधारीकडेच जात राहिले. हे म्हणतात की मी कादंबरी वाचत नसून घरखर्चाची वही तपासते आहे. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा भाग आला तेव्हा मात्र मला पुस्तक मिटून ठेवावे लागले, हेही सांगितले पाहिजे.

उलट 'स्मृतिचित्रे' वाचून यांनी शेरा दिला की पुस्तक गोड आहे, हसवते, परंतु शेवटी त्या घरातल्या आठवणी आहेत; 'कोसला'च्या पंक्तीत ते बसत नाही. हा शेरा मला मान्य नाही, पण त्याला नेमके उत्तरही देता आले नाही. ज्यांनी दोन्ही पुस्तके वाचली आहेत त्यांनी आपले मत सांगावे, आणि आम्हा दोघांना पुढे वाचता येईल असे पुस्तकही सुचवावे.

उत्तर : निवृत्त शिक्षक, अमळनेर

ताई, तुम्ही उधारीकडे पाहिले ते योग्यच केले, आणि त्याच वाटेने थोडे पुढे गेलात तर तुमच्या यजमानांना द्यायचे उत्तर सापडेल.

लक्ष्मीबाईंचे पती, कवी रेव्हरंड टिळक 'स्मृतिचित्रे'त कसे दिसतात ते आठवून पाहा. हाती आलेला पैसा त्यांच्याजवळ टिकत नसे, मनात आले की ते घर सोडून निघून जात, आणि माघारी घरात काय शिजणार याची चिंता दुसऱ्या कोणीतरी करायची असे. म्हणजे व्यवहारापुरते बोलायचे तर टिळक आणि पांडुरंग यांच्यात फारसे अंतर नाही. अंतर आहे ते सांगणाऱ्यात. 'कोसला'त जो पैसा उडवतो तोच गोष्ट सांगतो. 'स्मृतिचित्रे'त मागे राहून निभावून नेणारी बाई सांगते, आणि तीही रडत नाही, नवऱ्याची थट्टा करत सांगते. पांडुरंगाच्या आईने किंवा वडिलांनी पुण्याची ती वर्षे सांगितली असती तर काय झाले असते, असा प्रश्न मला प्रत्येक वाचनात पडतो.

शिवाय त्या आठवणी केवळ घरातल्या आहेत, हे मला पटत नाही. 1895 साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे एकदम टाकले नाही. ते एकेक पायरीने कसे सुटले आणि अखेर 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा कसा घेतला, हा प्रवास एखाद्या विचारवंताने ग्रंथ लिहून मांडला असता तर आपण त्याला तत्त्वचिंतन म्हटले असते. टिळकांच्या निधनानंतर अपुरे राहिलेले ख्रिस्तचरित्राचे काव्य 'ख्रिस्तायन' हाती घेऊन त्यातील 64 अध्याय लिहिणारी हीच बाई होती.

जाता जाता एक खानदेशी गोष्ट. धरणगावात 1890 साली जन्मलेले बालकवी ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी राहत असत. त्यांचे रुसवेफुगवे, लहरी आणि लाड लक्ष्मीबाईंनी आईच्या नजरेने टिपले आहेत. 1918 साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली बालकवींचा मृत्यू झाला. भुसावळ-जळगाव गाडीने जाताना ते स्थानक लागते आणि ती पाने आठवतात.

उत्तर : जुने ग्रंथालय, धुळे

गुरुजींनी पुस्तकांविषयी सांगितले आहेच. मी वादाविषयी सांगतो, कारण त्यातला आमचा अनुभव दांडगा आहे.

आमच्या घरी 'आहे मनोहर तरी'वरून असेच झाले. 1990 सालचे हे सुनीता देशपांड्यांचे पुस्तक सौभाग्यवतींनी आधी वाचले आणि मग माझ्या हाती दिले. माझे म्हणणे असे होते की सार्‍या महाराष्ट्राने ज्या माणसावर जीव टाकला त्याच्या घरातल्या सवयी अशा उघड्यावर मांडायला नको होत्या. तिचे म्हणणे असे की, बाईंनी जितके स्वतःला तपासले आहे तितके नवऱ्याला तपासलेलेच नाही, आणि मला फक्त नवऱ्याविषयीची पाने दिसली. वाद दोन वाक्यांत सुनीताबाईंवरून आमच्यावर आला, चहाच्या कपापासून माझ्या बहिणीच्या लग्नापर्यंत सगळे निघाले, आणि पुस्तक टेबलावरच राहिले.

तेव्हापासून आम्ही एक पद्धत ठेवली आहे. दोघांच्या पेन्सिली वेगळ्या: तिची लाल, माझी साधी. जे म्हणायचे ते पुस्तक उघडून, खूण केलेला परिच्छेद मोठ्याने वाचून म्हणायचे. पान दाखवता आले नाही तर मत मागे ठेवायचे. (ग्रंथालयाच्या प्रतीवर मात्र पेन्सिल चालवू नये, तिथे कागदाच्या चिठ्ठ्या लावाव्यात.) गंमत अशी की लाल आणि काळ्या खुणा एकाच ओळीवर क्वचितच येतात. ताई, यजमानांना 'गोड' वाटलेले परिच्छेद कोणते ते एकदा दाखवायला सांगा. माझा अंदाज आहे की त्यातल्या निम्म्या जागी लक्ष्मीबाई संकटात सापडलेल्या असतील.

उत्तर : तापीकाठ, शहादा

गुरुजींचा मुद्दा सुंदर आहे, तरी 'कोसला'वर तो थोडा अन्याय करतो असे मला वाटते. पांडुरंग स्वतःला सोडत नाही. आपल्या फजितीचे वर्णन तो इतक्या कोरडेपणाने करतो की वाचकाने त्याला दोष देण्याआधीच तो त्याने स्वतःला दिलेला असतो. त्यामुळे उधारीचा हिशेब कादंबरीत नाही असे नाही. तो वेगळ्या सुरात आहे.

पुढच्या पुस्तकासाठी माझी सूचना 'बहिणाबाईंची गाणी' ही आहे, आणि ती पाठ्यपुस्तकातल्या तीनचार कवितांपुरती न राहता पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावी. आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावात आलेल्या आणि तिशीत वैधव्य आलेल्या या निरक्षर बाईने जात्यावर, शेतात रचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली. तिच्या निधनानंतर 1952 साली तिचे पुत्र सोपानदेव यांनी ती प्रसिद्ध केली आणि आचार्य अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली. पेरणी, मळणी, मोट, जाते, चूल या तिच्या विषयांत घर कुठे संपते आणि शेत कुठे सुरू होते ते दाखवता येत नाही, त्यामुळे तुमचा वाद तिथे वेगळ्या तऱ्हेने रंगेल.

त्यानंतर जमल्यास वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' वाचावा. आमच्या भागातील भिल्ल समाजाच्या या कवीचा संग्रह 1987 चा आहे. केळीच्या पट्ट्यातील वाचकाला सातपुड्याच्या पायथ्याची माणसे बहुधा मजूर म्हणूनच भेटतात; इथे तीच बोलतात.

उत्तर : वरील प्रश्नातील 'हे'

सर्वांचे आभार. माझी बाजू घरात अल्पमतात होतीच, आता ती इथेही गेली. तरी ती मांडतो.

गुरुजींनी केलेली टिळक आणि पांडुरंग यांची तुलना मी काल रात्री पुस्तक उघडून पडताळून पाहिली. बेफिकिरी दोघांत आहे, हे खरे. पण टिळकांकडे पैसा, घर, प्रतिष्ठा ज्याच्यासाठी सोडावी असे काहीतरी होते. पांडुरंगाकडे ते नाही आणि ते नाही हेच त्याचे दुःख आहे. मी स्वतः पुण्यात शिकून परत आलेला शेतकरी आहे. परतल्यावर गावातली पोरे पारावर बसून दिवस काढताना दिसतात, त्यांच्यात मला अजून पांडुरंग दिसतो. लक्ष्मीबाईंचे पुस्तक मोठे आहे हे मी मान्य करतो; मात्र श्रद्धेने त्या आयुष्याला शेवटी एक आकार दिला, आणि ज्याला तसा आकार मिळत नाही त्याच्याविषयी लिहिणे अधिक अवघड आहे, हे माझे मत कायम आहे. सौ. म्हणते की सोसणाऱ्याला आकार आयता मिळत नाही, तो त्याने घडवलेला असतो. यावर आमचे बोलणे चालू आहे.

बहिणाबाईंची सूचना दोघांनाही पसंत पडली. वाचन मी मोठ्याने करणार, कारण लेवा बोली माझ्या घरची आहे; सौ.चे माहेर धुळ्याकडे, तिची अहिराणी, आणि माझ्या उच्चारांवर ती आताच हसते आहे. 'गोधड'ची प्रत शहाद्यात कुठे विकत मिळत असेल तर कृपया कळवावे. केळीचा माल घेऊन त्या बाजूला जाणारा गाडीवाला आमच्या ओळखीचा आहे.