वर्डप्रेस अपडेटला एफटीपीचा पासवर्ड मागतंय

प्रश्न: वर्डप्रेसची (वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर) साइट आहे. सर्व्हर स्वतःचा, उबुंटू (लिनक्स) आणि एनजिनएक्स (वेब सर्व्हर). प्लगिन (जास्तीची सोय देणारी जोडणी) अपडेट करायला गेलं की एफटीपीचं (सर्व्हरवर फाइल्स पाठवायची पद्धत) लॉगिन विचारतं. फोल्डरला ७७७ (सगळ्यांना पूर्ण परवानगी) दिलं तरी तेच.

उत्तर १: ७७७ आधी काढा, ते धोक्याचं आहे. शिवाय अडचण परवानगीची नाही, मालकीची आहे. वर्डप्रेस एक तात्पुरती फाइल बनवून तिचा मालक आणि स्वतःच्या फाइल्सचा मालक एकच आहे का, ते बघतं. तुमच्याकडे पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या युजरने चालत असणार आणि फाइल्स तुमच्या लॉगिनच्या. पीएचपी-एफपीएमच्या (पीएचपी चालवणारी सर्व्हिस) पूल फाइलमध्ये, म्हणजे तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, युजर व ग्रुप बदलून फाइल्सच्या मालकाचे टाका, मग सर्व्हिस रीस्टार्ट करा. त्याच फाइलमधल्या 'लिसन डॉट ओनर'ला (सॉकेटचा मालक ठरवणारी ओळ) हात लावू नका, नाहीतर एनजिनएक्सला सॉकेट (पीएचपीशी बोलायचा दुवा) उघडता येणार नाही आणि ५०२ एरर दिसेल. परवानग्या अशा ठेवा: फोल्डर ७५५, फाइल्स ६४४, वर्डप्रेसची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल ६००.

उत्तर २: कॉन्फिगमध्ये 'एफएस मेथड' (फाइल्स कशा लिहायच्या ते सेटिंग) डायरेक्ट करा असं बरेच जण सुचवतील. त्याने फक्त मालकीची तपासणी टळते. लिहायची परवानगी नसेल तर अपडेट अडकणारच.

उत्तर ३: पूल फाइलमधला युजर बदलल्यावर अपलोड्स फोल्डर विसरू नका. आधी चढवलेले फोटो आणि महिन्यांचे फोल्डर जुन्याच युजरच्या नावावर राहतात, मग नवा फोटो चढत नाही. आतल्या सगळ्यासकट मालकी बदला.