युनियनचे सभासद झाल्याने पगार खरोखर वाढतो का?

प्रश्न (चिपळूण)
माझा भाचा लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात तीन वर्षे कंत्राटदाराकडे काम करतो आहे. त्याच पाळीत, तेच काम करणारा कायम कामगार युनियनचा सभासद असून त्याचा पगार याच्या दुपटीहून अधिक आहे. विकसनशील देशांत युनियनमुळे वेतन वाढते असे वाचनात येते. मग हा फरक सभासदत्वाचा समजायचा की कायम नोकरीचा? भाच्याने वर्गणी भरली तर त्याच्या पदरात काही पडेल का?

उत्तर (निवृत्त कामगार, खेड)
मुख्यतः कायम नोकरीचा. आम्ही दर तीन वर्षांनी मागणीपत्र देत असू आणि बऱ्याच ताणाताणीनंतर करार होत असे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १८ नुसार समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार आस्थापनेतील सर्व कामगारांना, अगदी सभासद नसलेल्यांना आणि पुढे भरती होणाऱ्यांनाही बंधनकारक असे; त्यामुळे एकाच खात्यातल्या सभासद आणि बिगरसभासद कायम कामगारांच्या पगारात वर्गणीपलीकडे फरक राहत नसे. (वर्गणी न भरता थकबाकी मोजून घेणाऱ्यांचा राग मला अजून आहे.) कंत्राटी माणूस मात्र कागदोपत्री कंत्राटदाराचा, म्हणून त्याला त्या करारात जागा नसे. आम्हीही त्यांचा मुद्दा मागणीपत्राच्या शेवटी घालत असू आणि वाटाघाटीत सर्वांत आधी तोच सोडत असू, हे कबूल करायला हवे.

उत्तर (अर्थशास्त्राचे प्राध्यापक, रत्नागिरी)
वरील अनुभवामुळेच सभासद आणि बिगरसभासद यांच्या पगाराची सरळ तुलना फसवी ठरते. युनियन बहुधा मोठ्या, नफ्यातल्या कारखान्यांत उभी राहते आणि तिथला पगार एरवीही थोडा जास्तच असतो, त्यामुळे कारखान्या-कारखान्यांची तुलना केली की युनियनचा परिणाम फुगून दिसतो. उलट एकाच कारखान्यात तुलना केली, तर कराराचा लाभ सर्वांना मिळत असल्याने तो जवळजवळ नाहीसा होतो. दक्षिण आफ्रिकेत एखाद्या उद्योगाच्या वाटाघाटी परिषदेत झालेला करार मंत्र्यांच्या आदेशाने त्यात सहभागी नसलेल्या मालकांनाही लागू करता येतो, त्यामुळे तिथेही हा गुंता आहेच. असंघटित क्षेत्रात संघटनेचे बळ कायद्यातून उतरलेले दिसते: अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर १९६९चा माथाडी कायदा आला आणि त्याखालच्या माथाडी मंडळाकडे मजुरीबरोबर मालकांकडून लेव्ही (मजुरीवरची जादा रक्कम) जमा होऊन हमालाला भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस मिळू लागला.

उत्तर (काजूप्रक्रिया व्यावसायिक, सावंतवाडी)
दुसरी बाजूही पाहावी. केरळात कोल्लमच्या काजू कामगार स्त्रियांनी संघटनेच्या जोरावर मजुरी वाढवून घेतली, तेव्हा काही कारखानदारांनी काम शेजारच्या तामिळनाडूत हलवले. आमच्याकडे काजू सोलण्याची मजुरी किलोमागे ठरते आणि युनियनचे नावही निघत नाही.

प्रश्नकर्ता (चिपळूण)
म्हणजे भाच्याने एकट्याने वर्गणी भरून उपयोग नाही?

उत्तर (निवृत्त कामगार, खेड)
एकट्याने नाही. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याखालील नियमांत, समान कामाला मुख्य मालकाच्या (म्हणजे कारखान्याच्या) कामगाराइतकेच वेतन द्यावे, अशी कंत्राटदाराच्या परवान्याची अट होती. पण ती मागायला दहा-वीस जणांनी एकत्र यावे लागे, कारण एकट्याचे नाव दुसऱ्या दिवशी हजेरीपटावरून गायब होई. आता कोणता नियम लागू पडतो ते कामगार उपायुक्त कार्यालयात विचारा, आणि त्याला वेतनचिठ्ठ्या व गेटपास जपून ठेवायला सांगा.